कोकिळाचा पीसी

थप्पड बसली तेव्हा कोकिळाच्या हातात पावती होती. ती उडून बाहेर डांबरावर पडली. गाडीतल्या माणसाने काच वर केली, गाडीचं मागचं चाक त्या पावतीवरून गेलं आणि सुकदेवभाऊंनी टोलची दांडी उचलली. उचलावीच लागली. मागे ट्रकांची रांग होती आणि सगळे एकदम हॉर्न वाजवत होते.

दांडी खाली टाकून सुकदेवभाऊ खिडकीशी आले. साठीला टेकलेला, काटकुळा माणूस. चौथ्या लेनचं मशीन आठवड्यातून दोनदा बंद पडायचं, म्हणून हाताने दांडी उचलायला त्यांना तिथे उभं केलेलं.

"लागनं का वं ताई?"

"नाही भाऊ. पुढची गाडी येऊ द्या."

कान वाजत होता. पुढच्या गाडीवाल्याने काय विचारलं ते तिला ऐकू आलं नाही, तिने ओठांकडे बघून उत्तर दिलं.

शिफ्ट संपल्यावर ती सुपरवायझरकडे गेली. त्याने कॅमेऱ्यातलं चित्रण बघितलं, पुन्हा मागे नेऊन बघितलं आणि म्हणाला, "मागे दोन मुली बसलेल्या दिसतायत. फॅमिलीवाला माणूस आहे. तक्रार करून उगाच तुम्हालाच स्टेशनच्या चकरा होतील, मॅडम."

धुळ्याबाहेरच्या त्या टोलनाक्यावर कोकिळा कितीतरी वर्षं बसत होती. माहेर पिंपळनेरचं, बी.ए. झालेली, लग्न होऊन धुळ्यात देवपूरला आलेली. मूलबाळ झालं नाही आणि तो विषय आता घरात कुणी काढत नव्हतं. लोकांचा राग असायचा टोलवर, रस्त्यातल्या खड्ड्यांवर, स्वतःच्या फास्टॅगमध्ये पैसे नाहीत यावर. पण हाताच्या अंतरावर असायची ती खिडकीतली बाई. कुणी चिल्लर तोंडावर फेकायचं. एकाने गुटख्याची पिचकारी अशी मारली होती की ती तिच्या डोळ्यात गेली. एका ट्रकवाल्याने ओढणी धरून गाडी चालू केली होती; ओढणी फाटली म्हणून ती वाचली. पहिल्या पहिल्यांदा ती घरी येऊन रडायची. नंतर रडू येईना. नंतर तिला स्वयंपाक करताना, कणीक तिंबताना, बादलीत कपडे आपटताना त्या माणसांचे चेहरे दिसायला लागले.

घरी सासूने गाल बघितला. झुंबरबाई दारातच लसूण सोलत बसल्या होत्या.

"कोनी मारं?"

"गाडीवाल्यानं."

"आनि तू काय करं?"

"दुसरी पावती फाडली."

झुंबरबाईंनी लसणाची पाकळी परातीत टाकली.

समाधान, तिचा नवरा, शाळेची बस चालवायचा. भला माणूस. पोरं बसमध्ये त्याच्या डोक्यावर वेफर्सची पाकिटं फोडायची तरी हा हसायचा. त्याने तिच्या गालाला बर्फ लावला, हळद लावली आणि म्हणाला, "जाऊ दे कोकिळा. असल्या लोकांच्या तोंडी लागू नये."

"मी कुठे लागले तोंडी? तोच लागला माझ्या तोंडाला."

समाधान हसला. तिला हसू आलं नाही.

तिचा एकच विरंगुळा होता. दुपारी घरी आल्यावर, समाधानची बस सुटायच्या आधीच्या त्या मोकळ्या वेळात, ती फोनवर बंदुकीचा गेम खेळायची. फोन स्वस्तातला होता. ऐन चकमकीत तापायचा, अडकायचा, आणि सुटेपर्यंत ती मेलेली असायची. तरी खेळायची. समाधानने हे पाहिलं होतं की खेळून उठल्यावर तिचा आवाज खाली आलेला असतो, ती नीट जेवते.

थप्पड खाल्ल्यानंतरच्या रविवारी तो म्हणाला, "आपण तुला कॉम्प्युटर घेऊ. जुना. जळगावला एक जण विकतो, कंपन्यांमधून निघालेले. आमच्या बसमालकाच्या पोरानं तिथूनच घेतला, गेम खेळायला."

तिने त्याच्याकडे बघितलं. त्या गाडीचा नंबर तिला पाठ होता. हा माणूस एकदा, फक्त एकदा, 'तो नंबर सांग' असं म्हणेल याची ती आठवडाभर वाट बघत होती. त्याऐवजी तो तिला कॉम्प्युटर घेऊन द्यायला निघाला होता.

"बरं," ती म्हणाली.

जळगावचं ते दुकान एका मार्केटच्या तळघरात होतं. मालकाच्या आजोबांच्या काळात तिथे कापडाचे तागे होते. आता त्याच फळ्यांवर काळे डबे छताला भिडले होते. कुणावर बँकेचं स्टिकर, कुणावर कुठल्याशा ऑफिसचा नंबर अजून तसाच. मालक श्रेयांस, पंचविशीतला, हातात स्क्रू ड्रायव्हर, कपाळावर केशराचा टिळा. त्याने समाधानकडे बघून विचारलं, "बोला दादा, कोणता गेम खेळता?"

समाधानने बायकोकडे बोट केलं.

श्रेयांसने एकदा तिच्याकडे, एकदा समाधानकडे बघितलं. मग त्याने स्टूल पुढे ओढलं. "बसा ताई. काय खेळता?"

तिने नाव सांगितलं. तिने यूट्यूबवर महिनाभर व्हिडिओ बघितले होते, पण इथे प्रत्यक्ष डबे बघून ती गांगरली. एक चपटा, सुबक डबा तिला आवडला. तो टेबलावर छान दिसला असता.

"तो घेऊ नका," श्रेयांस म्हणाला. "दिसायला बरा आहे, पण आत जागा नाही. उद्या ग्राफिक्स कार्ड टाकायचं म्हटलं तर बसणार नाही. हा उंच घ्या. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह आहे, ऑफिसात फक्त टायपिंग केलेलं याच्यावर. मी एसएसडी टाकून देतो, रॅमची अजून एक पट्टी लावतो. कार्ड आत्ता नको. आधी चालवा, मग या."

"आणि कार्ड टाकल्यावर लोड घेईल का? याचा पॉवर सप्लाय छोटा असतो ना?" तिने विचारलं.

"घेईल. वेगळी वायर न लागणारं कार्ड देईन. ते बोर्डावरूनच करंट घेतं. मोठ्या कार्डाच्या नादी लागू नका, हा डबा ते ओढणार नाही." त्याने बाजूचं झाकण काढलं, ब्रशने पंख्यावरची धूळ झटकली. "किती वेळ खेळता रोज?"

"दुपारी. शिफ्ट संपल्यावर."

"कुठे असता?"

"टोलवर."

"अरे बाप रे," तो म्हणाला. "मग तुम्हाला लागेलच."

बसमध्ये समाधानने डबा मांडीवर घेतला होता आणि मॉनिटर तिच्या. एरंडोल मागे पडलं. मग तो म्हणाला, "खूश का?" आणि ती खरंच खूश होती, हे तिलाच नवल वाटलं.

झुंबरबाईंनी पहिल्या दिवसापासून नाक मुरडलं.

"हाई पेटी कसानी शे वं?"

"खेळायची आहे, आई."

"बाई मानूस ना हाऊ काय खेय शे? बठ्ठा दिन त्या डबडाम्होरे बसेल ऱ्हास." पण दुसऱ्या आठवड्यात त्या मागे पलंगावर येऊन बसायला लागल्या. पडद्यावर एक उजाड गाव होतं, पडक्या भिंती, जळक्या गाड्या. पाच जण या बाजूला, पाच त्या. कोकिळा एका दाराच्या चौकटीआड उभी राहायची आणि वाट बघायची. बाकीचे धावायचे, ओरडायचे, मरायचे. ती थांबायची. पायांचा आवाज हेडफोनमध्ये आधी लांबून यायचा, मग जवळून. मग डोकं दिसायचं. ती गोळी घालायची. रक्ताचा फवारा भिंतीवर उडायचा, माणूस गुडघ्यावर येऊन कलंडायचा.

"मरना का?" झुंबरबाई विचारायच्या.

"मेला."

"आते दुसरा यी."

दुसरा यायचा. तिने माइक कधी चालू केला नाही. तिच्या बाजूची पोरं एकमेकांना आईबहिणीवरून शिव्या द्यायची आणि तिला 'भाई' म्हणायची. "भाई ने दरवाजा पकड़ा है, उधर से कोई नहीं आएगा." हे ऐकून तिच्या मानेवरून एक गरम लहर जायची. दारातून कोणी येणार नाही. ज्याने थप्पड मारली त्याचा चेहरा तिने कितीदा समोरच्या धडावर बसवला होता, आणि डोक्यात गोळी घालून तो खाली पडलेला बघितला होता. तिला त्याची लाज वाटायची नाही. लाज वाटायला हवी का, हा विचार मात्र कधी कधी भांडी घासताना यायचा.

दिवाळीनंतर ती एकटीच जळगावला गेली आणि कार्ड घेऊन आली. कुठल्याशा गेमिंग कॅफेतून निघालेलं, बोटभर जाड, एकाच पंख्याचं. श्रेयांसने आतली उष्णता ओढणारी पेस्ट बदलून, दुकानातच तासभर चालवून, पडद्यावर तापमान दाखवून दिलं होतं. "मी बसवून दिलं असतं, डबा आणायचा होता," तो म्हणाला. "पण सोपं आहे. खट् आवाज आला पाहिजे. घाबरू नका."

घरी तिने जमिनीवर चादर पसरून डबा आडवा केला. समाधान बसवर गेला होता. तिने झुंबरबाईंना टॉर्च धरायला सांगितली.

"याना पोटमा इतलं काय काय शे," म्हातारी वाकून बघत म्हणाली.

"उजेड इकडे, आई. माझ्या हातावर."

कार्ड जाईना. ती घाबरली, पुन्हा काढलं, डब्यामागची पत्र्याची झाकणी वाकवली, पुन्हा लावलं. जोर दिला. खट्. झुंबरबाई दचकल्या आणि मग हसल्या. संध्याकाळी समाधान आला तेव्हा पडद्यावरच्या गावात पहिल्यांदा गवत हलत होतं, भिंतींवर सावल्या होत्या. सासू-सुना शेजारी बसून बघत होत्या.

त्यानंतरचे तीन-चार महिने तिचे बरे गेले. टोलवर शिव्या होत्याच. पण तिला वाटायला लागलं की ती त्या शिव्यांच्या थोडी मागे, चौकटीआड उभी आहे.

ते मार्चमध्ये घडलं, भर दुपारी. शिफ्ट संपत आली होती. पांढरी उंच गाडी, आत तिघं. चालवणारा योगेंद्र, हे नाव तिला नंतर कळलं. टॅगमध्ये शिल्लक नव्हती. दुप्पट भरावे लागतील, असं तिने सांगितलं.

"कोणाला सांगते? ओळखत नाही का?"

"दादा, मशीनच घेत नाही. मागे गाड्या आहेत."

"दांडी उचल."

"नाही उचलता येत."

त्याने गाडीतून उतरून खिडकीत हात घातला, तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिचं डोकं खिडकीच्या लोखंडी चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. तिला स्वतःच्या कपाळाचा आवाज ऐकू आला. डोळ्यांत गरम काहीतरी उतरलं.

"ए, सोड तिले!" सुकदेवभाऊ धावत आले. त्यांनी योगेंद्रचा हात दोन्ही हातांनी धरून ओढला. वेणी सुटली. कोकिळा आत खुर्चीवर कोसळली. तेवढ्यात गाडीतले दोघे उतरले. एकाच्या हातात सळई होती. पहिला फटका सुकदेवभाऊंच्या पाठीत बसला, दुसरा गुडघ्यावर. ते खाली बसले. बसल्या बसल्याच तिच्याकडे बघून ओरडले, "ताई, मझार ऱ्हाय! बाहेर येऊ नको!"

मग योगेंद्रने सळई आपल्या हातात घेतली.

बाकीच्या लेनमधली माणसं बूथमधून उठून उभी राहिली होती. ट्रकवाले वरून बघत होते. कितीतरी हात वर होते आणि प्रत्येक हातात फोन होता. सळई वर जात होती, खाली येत होती. सुकदेवभाऊंनी डोक्यावर दोन्ही हात धरले होते. मग एक हात खाली पडला. मग दुसरा.

कोकिळाने बूथच्या मागच्या दाराशी टांगलेला आग विझवायचा लाल सिलिंडर उपसला. जड होता. ती दार लाथेने उघडून बाहेर आली. योगेंद्रची पाठ तिच्याकडे होती. सळई धरलेला हात त्याने वर केला होता, आधारासाठी गाडीच्या बॉनेटवर दुसरा हात टेकला होता. तिने तो बॉनेटवरचा हात बघितला आणि दोन्ही हातांनी सिलिंडर त्याच्यावर घातला.

तो किंचाळून वळला. सळई पडली. तिने दुसरा घाव खांद्यावर घातला आणि तो खाली पडला. बाकीचे दोघे गाडीमागे सरकले. तो डांबरावर पाठीवर पडला होता, मोडलेली बोटं छातीशी धरून, आणि "नको, नको" म्हणत होता. तिला ते नीट ऐकू आलं. ते ऐकूनच तिने तिसरा घाव घातला, त्याच हातावर.

पुढच्या तासाभरात सगळ्या धुळ्याच्या फोनवर जी क्लिप फिरली, ती बूथचं दार उघडल्यापासून सुरू होत होती.

कपाळाला टाके घालून तिला पोलीस स्टेशनला आणलं. सुकदेवभाऊ सरकारी दवाखान्यात बेशुद्ध होते. तिच्यावर एक गुन्हा, त्या तिघांवर एक गुन्हा. नाक्यावरच्या कुणीतरी बातमीदाराला सांगितलं होतं की ही बाई घरी दिवसभर बंदुकीचे गेम खेळते. संध्याकाळच्या बातमीत तेच होतं: गेमच्या नादाने टोलवरची महिला हिंसक.

ठाण्यातल्या साहेबांनी फोन तिच्यासमोर धरला. "हे खरं आहे का?"

"खेळते मी."

"माणसं मारायचा गेम."

"हो."

"मग हे तिथूनच शिकल्या तुम्ही. तो पडलेला होता, हात जोडत होता, तरी तुम्ही मारलं. हे गेममध्येच चालतं."

कोकिळाला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं काय ते तिला सापडत नव्हतं.

"गेममध्ये तो नको म्हणत नाही, साहेब," ती शेवटी म्हणाली. "नको म्हणणारी तर मीच असते, रोज, त्या खिडकीत. मला आजवर किती जणांनी मारलं ते विचारा ना. कॅमेऱ्यात आहे सगळं. गेमचं काय विचारता?"

साहेबांनी ते लिहून घेतलं नाही.

जामीन झाला. दुसऱ्या दिवशी तपासासाठी म्हणून दोन पोलीस घरी आले आणि कॉम्प्युटरच्या वायरी काढायला लागले. समाधानच त्यांना प्लग दाखवत होता. झुंबरबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"मन्ही वहूना कपायले टाका पडेल शेत, ते दखा ना! ते सोडीसन हाई डबडं लई चालनात?"

"आजी, बाजूला व्हा. साहेबांची ऑर्डर आहे."

"तुन्हा साहेबले सांग, मी रोज तिना मांगे बसेल ऱ्हास. मी बी दखेल शे बठ्ठं. माले बी लई चाल!"

एक पोलीस हसला. दुसऱ्याने म्हातारीला दंडाला धरून अलगद बाजूला केलं आणि डबा उचलला. रॅम, एसएसडी, तिने स्वतः खट् करून बसवलेलं ते कार्ड, सगळं त्या डब्यासोबत जीपमध्ये गेलं. मॉनिटर मात्र त्यांनी घरीच ठेवला. तो काळा पडदा टेबलावर तसाच राहिला आणि त्यात खोलीतली माणसं दिसत राहिली.

तिसऱ्या दिवशी कंत्राटदाराचा मॅनेजर आणि योगेंद्रचा काका घरी आले. सोबत वकील. चहा झाला. काका सभ्य माणूस होता, वारंवार हात जोडत होता.

"पोराचं चुकलं. पण त्याची तीन बोटं गेली, ताई. डावा हात. तुम्ही एवढंच लिहून द्या की गेममुळे डोक्यावर परिणाम झाला होता, रागाच्या भरात झालं, माफी. तुमच्यावरची केस आम्ही पुढे नेत नाही, आमच्यावरची तुम्ही नेऊ नका. त्या म्हाताऱ्याच्या दवाखान्याचं आम्ही बघतो."

मॅनेजर म्हणाला, "आणि कामावर घेऊ पुन्हा. दुसऱ्या लेनला."

वकिलाने कागद टेबलावर, मॉनिटरसमोर ठेवला. समाधानने पेन उघडून तिच्यापुढे धरलं.

"सही कर, कोकिळा. संपवून टाक."

तिने पेन घेतलं नाही. "सुकदेवभाऊंनी काय लिहून द्यायचं?"

"ते शुद्धीवर नाहीत," मॅनेजर म्हणाला.

"मग ते उठले की त्यांना विचारते. ते सही करा म्हणाले तर करते."

"कोकिळा," समाधानचा आवाज चिरका झाला. "तू जेलमध्ये गेलीस तर? मी काय करू? आईचं काय करू?"

"तुम्ही त्या दिवशी तिथे असता तर काय केलं असतं?"

त्याने पेनाला टोपण लावलं. पाहुण्यांसमोर तिने हे विचारायला नको होतं, हे तिला त्याच क्षणी कळलं. त्याचा चेहरा तिने हाताने मारल्यासारखा झाला होता. पण शब्द परत घेता आले नाहीत. काका उठले, पुन्हा हात जोडले आणि कागद तिथेच ठेवून गेले.

सुकदेवभाऊ उठले नाहीत. त्या आठवड्याच्या अखेरीस ते गेले. त्या तिघांवर खुनाचं कलम लागलं, दोघे आत गेले, योगेंद्र पहाऱ्यात दवाखान्यात राहिला. कोकिळाची नोकरी गेली. तिच्यावरची केस तशीच राहिली. भाऊ गेले त्या दिवशी समाधान कामावर गेला नाही. संध्याकाळी तो कागद त्यानेच फाडला, पण तिच्याकडे न बघता.

दहाव्यानंतर तिने सुकदेवभाऊंच्या गावी जायचं ठरवलं. दोंडाईचाच्या रस्त्याला आत असलेलं छोटंसं गाव. समाधानने मोटारसायकल काढली. वाटेत तो म्हणाला, "पीसी सोडवायला अर्ज करता येतो म्हणे. वकील म्हणत होता."

"आत्ता नको."

"श्रेयांसचा फोन आला होता. दुकानात लोक विचारतात म्हणे, तो डबा इथूनच नेला होता का. तो सांगतो, हो, इथूनच नेला. तुझी तब्येत विचारत होता."

तिने त्याच्या पाठीवर कपाळ टेकलं. टाके काढले होते, पण जागा अजून ठणकत होती.

सुकदेवभाऊंच्या घरासमोर मांडव होता, बाया बसल्या होत्या. कोकिळाला बघून कुजबुज झाली. सगळ्यांनी क्लिप बघितली होती. समाधान बाहेरच पुरुषांमध्ये बसला. कुंदाबाई, सुकदेवभाऊंची बायको, आत चुलीजवळ होती. रिकाम्या कपाळाची, रुंद हाडाची बाई. तिने कोकिळाला बघितलं आणि बाकीच्यांना हाताने बाहेर जायची खूण केली.

कोकिळा तिच्यासमोर बसली. येताना सगळा रस्ता तिने मनात जुळवून ठेवलं होतं. भाऊ माझ्यामुळे गेले. मी वेळेवर बाहेर आले नाही. आणि आणखी एक गोष्ट, जी तिने कुणालाच सांगितली नव्हती: तो तिसरा घाव. तो नको म्हणत असताना घातलेला. झोपेत तोच तिच्या हातात यायचा, सिलिंडरचं वजन आणि खाली काहीतरी मऊ मोडल्याचा धक्का. इथे, या बाईसमोर तो टाकून द्यावा, असं तिला वाटत होतं.

"अक्का," तिने सुरुवात केली, "मी त्याला..."

"माले माहीत शे," कुंदाबाई म्हणाली. "पोरेसनी मोबाइलवर दखाडं. आवाज नही व्हता त्यामा." ती पुढे वाकली. "जोरमा लागनं का त्याले?"

कोकिळाने चुलीकडे बघितलं.

"सांग ना. लागनं का?"

"हो."

"वरडना का तो?"

"ओरडला. नको नको म्हणाला."

"आनि तरी तू मारं."

"हो अक्का. तरी मारलं."

कुंदाबाईने डोळे मिटले. तिची छाती वर झाली आणि सावकाश खाली आली. "बरं व्हयनं," ती म्हणाली. ते म्हणताना तिच्या तोंडावर कसलंही समाधान नव्हतं. कुठेतरी खोल खुपलेला काटा हलला आणि पुन्हा तिथेच बसला, असं काहीतरी होतं. कोकिळाला पुढचं वाक्य बोलायचं होतं, मला त्याचा त्रास होतोय, मला झोप येत नाही. पण ते या घरात बोलण्यासारखं नव्हतं. ते तिचं तिलाच वागवावं लागणार होतं.

बाहेर कुणीतरी मुलांना ओरडत होतं. कुंदाबाई उठली. तिने ताटात भाकरी ठेवली, वर वांग्याचं भरीत घातलं आणि ताट कोकिळापुढे सरकवलं.

"जेवी ले."

कोकिळाने उजवा हात पुढे केला. कुंदाबाईने तो मध्येच धरला. तळवा उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, बोटं एकेक करून बघितली, आणि मग तांब्या उचलून त्या हातावर पाणी घातलं.